आजीच्या वहीतलं कोळवं म्हणजे किती ग्रॅम?

सुगरण_नाही

मंडळी, दिवाळी तोंडावर आली आहे आणि मी अडकले आहे. आजीची (आईची आई, गाव खटाव तालुक्यातलं) वही हाती लागली. त्यात चकलीची भाजणी अशी लिहिलेली आहे:

"तांदूळ २ शेर, हरभऱ्याची डाळ १ शेर, उडदाची डाळ १ मापटे, मुगाची डाळ १ चिपटे, धने १ कोळवे, जिरे १ निळवे. पिठाच्या शेराला नवटाक तेल, कडकडीत."

एवढंच. भाजायचं किती, दळायचं कसं, काही नाही. ते तिला ठाऊकच होतं.

नेटवर पाहिलं तर शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. मापटं अर्धा शेर, चिपटं पाव, कोळवं त्याच्या निम्मं, निळवं त्याच्याही निम्मं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले. निम्म्या प्रमाणात करायचं ठरवलं : तांदूळ ९३३ ग्रॅम, हरभरा डाळ ४६७, उडीद २३३, मूग ११७, धने ५८, जिरे २९. काट्यावर ग्रॅम-ग्रॅम मोजून घेतलं हो!

चकल्यांना नुसता धन्यांचा वास. रंग काळपट, सोऱ्यातून पडतानाच तुकडे. नवरा म्हणाला, "गोडा मसाला तळलास का?" आजीच्या चकल्या मी खाल्ल्या आहेत, त्या अशा नव्हत्या. माझं गणित कुठे चुकलं?

करवंदी

गणित बरोबर आहे गं, पण कोळवं-चिपटं ही वजनं नाहीतच. ती मापं आहेत, भरून ओतायची. धने हलके. ५८ ग्रॅम धने म्हणजे केवढा ढीग होतो ते आठव.

खंबाटकी

नवटाक तेवढं मला माहीत आहे. बाकीच्यांशी ओळख नाही.

सुगरण_नाही

@करवंदी, अगं पण शेर तर वजनाचा ना? ९३३ ग्रॅम सगळीकडे दिलंय.

जुनाजाणता

ताई, शेर दोन होते. एक तराजूतला, एक मापातला. नाव एक, धंदा वेगळा.

तराजूतला शेर ऐंशी तोळ्यांचा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि रुपयाही त्याच वजनाचा पाडला. त्यामुळे ऐंशी कलदार रुपये पारड्यात टाकले की शेर झाला. आजच्या हिशेबात तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणून तुमचा तो ९३३. त्याचे चार पाव, आठ नवटाक, सोळा छटाक. शिवाय जुना मुंबईचा शेर निराळाच. तिथला मण २८ पौंडांचा आणि मणाचे शेर चाळीस, म्हणजे शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. तेव्हा "शेर म्हणजे किती" असं कुणी विचारलं की आधी "कुठला?" असं विचारायचं.

मापातल्या शेराची उतरंड वेगळी :
दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण (काही गावांत बारा) आणि वीस मणांची खंडी.

आमच्या वडिलांच्या खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन. मोजणाऱ्याशी मध्येच बोललेलं चालत नसे. मी एकदा बोललो आणि थप्पड खाल्ली.

सुगरण_नाही

काका, मग आजीने धने वजनाने घेतले नाहीत हे कशावरून? शेर दोन असतील तर धन्याचं कोळवं कशावरून मापातलंच?

शून्यलब्धी

पुरावा तुमच्या आजीनेच ठेवला आहे. नीट वाचा. धने "कोळवे" आणि तेल "नवटाक". दोन्ही शेराचा आठवा भागच. मग दोन शब्द का? कारण नवटाक वजनाच्या उतरंडीतलं आणि कोळवं मापाच्या. तिने धान्य मापाने घेतलं आणि तेल वाण्याकडच्या वजनाने. बाईंचा हिशेब चोख होता.

करवंदी

वा मास्तर! हे लक्षातच आलं नव्हतं.

माझ्याकडे सासूबाईंची पितळी मापं आहेत, कऱ्हाडकडची. मापटं, चिपटं, कोळवं अशी तीन. निळवं हरवलंय. आत्ता ओट्यावर काटा ठेवून पाणी भरून पाहिलं (पाण्याचा ग्रॅम म्हणजे मिलिलिटर, हे निदान मला येतं):

मापटं ४७८
चिपटं २३८
कोळवं १२१

म्हणजे शेर साधारण ९५६ मिली. मग पाणी ओतून, पुसून, सपाट भरून पाहिलं. कोळवंभर धने ४१ ग्रॅम. अर्धं कोळवं (म्हणजेच निळवं) जिरे २७ ग्रॅम. मापटंभर तांदूळ ३८४ ग्रॅम.

आता बघ. निम्म्या प्रमाणात तुला धने हवे होते २० ग्रॅम, तू घातलेस ५८. जिरे हवे होते १३-१४, घातलेस २९.

शून्यलब्धी

पण तांदूळही जास्तच पडले आहेत. शेरभर तांदूळ ९३३ ग्रॅम नव्हे, करवंदींच्या मापाने ७६८. म्हणून तुलना तांदळाच्या मानाने करू. आजीचे धने तांदळाच्या २.६-२.७ टक्के, तुमचे ६.२ टक्के. सव्वादोन पटींहून जास्त. डाळी फारशा हलल्या नाहीत, कारण डाळ आणि तांदूळ यांचं एका लिटरमागचं वजन जवळजवळ सारखं, पाऊण किलोच्या वरखाली. मार बसला तो फक्त हलक्या जिनसांचा. पोहे किंवा कुरमुरे असते तर चिवडाच झाला असता.

आणि तेलाची काळजी करू नका. नवटाक वजनाने ११७ ग्रॅम. तेल पाण्याहून हलकं, लिटरला ९२० ग्रॅमच्या आसपास, म्हणून ते १२७ मिली. हेच कुणी मापाने कोळवंभर घेतलं तर १२१. फरक सहा मिलीचा, एका चमच्याचा.

एडिसनकर

न्यू जर्सीहून हजर. करवंदी, तुमचे आकडे वाचून मी उठून आमच्या ओट्यावरची मापं उलटी करून पाहिली. ऐका :

अमेरिकन कप २३७ मिली. तुमचं चिपटं २३८.
पाइंट म्हणजे दोन कप, ४७३. तुमचं मापटं ४७८.
क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, ९४६. तुमचा शेर ९५६.
अर्धा गॅलन म्हणजे अधोली. गॅलन, चार क्वार्ट, ३.७८५ लिटर. पायली!
कोळव्याला इथे गिल असं नाव होतं, ११८ मिली. ते आता इथेही कुणी घेत नाही.

वीस वर्षं मी इथे दुधाची गॅलनची कॅन फ्रिजमध्ये कोंबतोय आणि ती पायली आहे हे आज कळलं. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "मग एवढं दूध आणतोस कशाला?"

मांजरा_काठ

फार खूश होऊ नका. आमच्या घरची लाकडी पायली मी मागे एकदा मोजली होती, ती साडेचार लिटरला टेकते. एकाच तालुक्यात दोन बाजारांच्या दोन पायल्या असायच्या. सालगड्याला ज्या पायलीने धान्य द्यायचं आणि कुळाकडून ज्या पायलीने घ्यायचं त्या एकच असत का, हे विचारायचं नाही.

एडिसनकर

साडेचार लिटर? मग तुमची पायली ब्रिटिश आहे :)

खरंच. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. जुन्या काळी इंग्लंडात दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. अमेरिकेने दारूचा उचलला, राणी अ‍ॅनच्या काळातला, २३१ घन इंचांचा. पुढे १८२४ साली ब्रिटिशांनी सगळे मोडीत काढून एकच केला, दहा पौंड पाण्याएवढा. तोवर अमेरिका हातातून गेली होती, ती जुन्यावरच राहिली. त्यामुळे ब्रिटिश पाइंट ५६८ मिली आणि अमेरिकन ४७३. ब्रिटिश पाइंटात वीस औंस, इथल्यात सोळा. त्यात गंमत म्हणजे एकेक औंस घेतला तर इथलाच किंचित मोठा (२९.६ मिली, त्यांचा २८.४). इंग्लंडमधल्या जुन्या पुस्तकातला केक इथल्या मापाने केला की बिघडतो तो यामुळे.

इथे स्ट्रॉबेरी-ब्लूबेरीचा पाइंट आणखी वेगळा असतो, 'कोरडा' पाइंट, ५५१ मिली. शेर दोन होते म्हणून हसू नका.

मेलबर्नवासी

आमच्याकडे कप २५० मिलीचा. आणि मोठा चमचा २० मिलीचा, तुमचा १५चा. अमेरिकन कृतीतला "एक मोठा चमचा" खाण्याचा सोडा मी इथल्या चमच्याने घातला होता. ढोकळा कुणीच खाल्ला नाही.

खंबाटकी

सोडा तो ढोकळा. मोजमापातली खरी फसवणूक मी सांगतो. क्वार्टर १८०ची आणि खंबा ७५०चा. चार क्वार्टर म्हणजे ७२०. उरलेले ३० मिली कुणाचे?

जुनाजाणता

३० मिली म्हणजे तुमचा एक पेग. विकणाऱ्याचा लाभ म्हणा.

मांडवीकिनारा

गोव्यात भाताला अजून कुडव आणि खंडी ऐकू येतात, वीस कुडवांची खंडी. आमचे पप्पा शेत किती मोठं हे हेक्टरात सांगत नसत. "इतक्या खंडीचं" म्हणत, म्हणजे किती बी लागतं त्यावर.

शून्यलब्धी

मांडवीकिनारा, तुमचा कुडव फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) मापांची यादी आहे, त्यात तो सापडतो. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशा भांड्यात मावेल ती खारी. तिचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. नाव तेच, माप मात्र तेच असेल असं समजू नका.

गुणून पाहा : १६ × ४ × ४ × ४ = १०२४. दोनाचा दहावा घात. खारी दहा वेळा निम्मी करत गेलं की कुडव. आजीच्या वहीतही निम्मेनिम्मेच चाललंय आणि एडिसनकरांच्या कप-पाइंट-क्वार्टमध्येही. याला कारण साधं आहे. दहावा भाग डोळ्यांनी काढता येत नाही, निम्मा येतो. उभ्या सरळ भांड्यात पाणी भरा आणि हळूहळू कलंडत न्या. पाण्याची कड एकीकडे काठाला आणि दुसरीकडे तळाच्या कोपऱ्याला टेकली की आत बरोब्बर निम्मं पाणी उरतं. काटा नको, खुणा नकोत. कासारालाही हे पुरत होतं, घरच्या बाईलाही.

खंडीचे वीस मात्र या रांगेत बसत नाहीत. तो मोजणीचा प्रकार, भांड्याचा नव्हे. वीस मणांचं भांडं कोण करणार?

सुगरण_नाही

कलंडण्याचं आत्ताच स्टीलच्या डब्यात करून पाहिलं. काट्यावर मूळ ६१०, कलंडून उरलं ३०३. मी थक्क!

जुनाजाणता

दशमानाचं म्हणाल तर ते आम्ही डोळ्यांदेखत पाहिलं. १९५७च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, आण्याचे हिशेब गेले. वजनमापांचा कायदा १९५६चा, किलो १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येत गेला आणि १ एप्रिल १९६२ पासून सक्ती झाली. मी शाळेत पहिली दोन वर्षं मण-शेर-छटाक शिकलो आणि नंतर गुरुजींनी सांगितलं, ते विसरा. पावकी-निमकी मात्र विसरू दिली नाही.

गावात गंमत झाली ती मापांची. किलो कळायला वेळ लागला, कारण ९३३ ग्रॅमचा शेर आणि हजाराचा किलो यांत दर जुळेना. लिटर मात्र चटकन बसला. मापाचा शेर लिटरच्या जवळपासच होता, त्यामुळे लिटरचं माप आलं आणि लोकांनी त्यालाच शेर म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे आजही "शेरभर दूध" मागितलं की लिटर मिळतं.

मांजरा_काठ

काकांना अनुमोदन. आणि शीग विसरलात सगळे. करवंदींनी सपाट भरून मोजलं. धान्य सपाट कोण घेत होतं? शिगोशीग भरायचं, वरून ओघळेपर्यंत. तुमचे मिलिलिटर तिथेच चुकले.

शून्यलब्धी

चांगला मुद्दा, यावर जरा बसावं लागेल. दोन तास द्या, पेपर तपासतोय.

शून्यलब्धी

हं. धान्याचा ढीग स्वतःहून साधारण तीस अंशांच्या उतारावर थांबतो असं धरू. म्हणजे वरची शीग हा एक शंकू झाला.

पायली १८ सेंटिमीटर रुंद आणि १५ उंच असेल तर आत ३.८ लिटर मावतं. वरचा शंकू सव्वापाच सेंटिमीटर उंच होतो, त्यात सुमारे ४४० मिली. म्हणजे साडेअकरा टक्के जादा.

आता तेवढ्याच मापाची पायली बसकी करू. रुंदी २४, उंची ८.४. आत पुन्हा ३.८ लिटरच. पण शंकू जवळजवळ सात सेंटिमीटर उंच, आणि त्यात १०४० मिली. सत्तावीस टक्के!

पाण्याने दोन्ही पायल्या सारख्या ठरतील. सरकारी माणूस आला तरी सारख्याच ठरतील. घेताना बसकी वापरायची आणि देताना उभी, की झालं.

मांजरा_काठ

आमची बसकी आहे. आजोबा घेणाऱ्यांतले होते, एवढंच लिहितो.

एडिसनकर

वजन आणि माप यांच्या घोळावरून एक किस्सा राहवत नाही म्हणून. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला. कॅनडा तेव्हा मेट्रिकवर चालला होता आणि हे विमान त्यांच्या नव्या किलोवाल्यांपैकी. टाकीतलं इंधन दांडीने मोजलं, लिटरमध्ये ७६८२. किलो करायला ०.८ ने गुणायला हवं होतं, गुणलं १.७७ ने. तो आकडा लिटरचे पौंड करायचा. लागत होतं २२,३०० किलो, प्रत्यक्षात निघाले ते दहा हजारांच्या आसपास घेऊन. दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगवत नेऊन गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले.

सुगरणताई, तुमची चूक जातीने हीच. तुमच्या फक्त चकल्या मोडल्या.

सुगरण_नाही

मला वैमानिकांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल आभार _/\_

पण आता शेर ९५६ मिली धरू, लिटर धरू, की मांजराकाठचा ११२५ मिली?

शून्यलब्धी

काहीच धरू नका. हेच तर सांगतोय मघापासून. निळव्याला १ म्हणा. मग जिरे १, धने २, मूग ४, उडीद ८, हरभरा १६, तांदूळ ३२. घरातली कुठलीही वाटी निळवं म्हणून घ्या. कप, पाइंट, मेलबर्नचा कप, काहीही. फक्त सगळं त्याच वाटीच्या पटीत, आणि काटा कपाटात. वजन फक्त तेलाला, आणि तेही पिठाच्या प्रमाणात असल्यामुळे त्या वाटीने आठवा भाग घेतलात तरी चालेल.

खंबाटकी

निम्म्या प्रमाणात करायचं असेल तर निम्मं निळवं म्हणजे ३० मिली. त्याचं अचूक स्टीलचं माप प्रत्येक सुसंस्कृत घरात असतं. जिरे एक स्मॉल, धने एक लार्ज, मुगाची डाळ पतियाळा.

करवंदी

हा माणूस पहिल्यांदा कामाचं बोलला.

सुगरण_नाही

चार दिवसांनी येतेय. झाल्या!

नवऱ्याकडून ते माप मागून घेतलं (होतं, कपाटात मागे). जिरे ३०, धने ६०, मूग १२०, उडीद २४०, हरभरा ४८०, तांदूळ ९६०, सगळं मिलिलिटरमध्ये. डाळी-तांदूळ धुऊन सावलीत वाळवून वेगवेगळे भाजले, धने-जिरे शेवटी नुसते गरम केले. गिरणीतून पीठ आलं, तेही त्याच मापाने मोजलं आणि आठव्या हिश्शाने तेल घातलं. चकल्या काटेरी, रंग बदामी, एकही तुटली नाही. धने आहेत, पण शोधावे लागतात.

आईला पाठवल्या. तिने खाल्ल्या, आणि फोनवर म्हणाली, "जिरं कमी पडलंय." मी म्हटलं अशक्य, मापून घातलंय. म्हणून वही पुन्हा काढली. "जिरे १ निळवे" याच्या पुढे, पानाच्या कडेला तेलाचा डाग आहे. त्या डागाखाली दोन अक्षरं होती. खिडकीशी धरून वाचली.

"शीग".

मांजरा_काठ

बघा! निळवं बसकं होतं की उभं?

सुगरण_नाही

निळवं मामाकडे आहे म्हणे. भाऊबीजेला आई जाणार आहे, रुंदी मोजून आणायला सांगितली आहे.